सा कुठे आहे? प्रगत संगीत घेतलेल्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

उत्तरपत्रिकेच्या समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: सा, म प ध, नी ध प, ध सां नी, ध. दोन्ही निषादांखाली कोमलाची आडवी रेघ. शेजारी पाच ओळींवर तेच सूर स्टाफ नोटेशनमध्ये टापटीप मांडलेले. मी त्यांच्यावर लाल शाईने दोन गोल केले होते, "की सिग्नेचर पाहा!" असं, म्हणजे ओळींच्या सुरुवातीला कोणते सूर चढे-उतरे ते सांगणाऱ्या शार्प-फ्लॅटच्या खुणा पाहा असं लिहिलं होतं आणि २० पैकी ४ गुण दिले होते. ते चारही गुण लयीचे होते. समासातली सरगम मी त्या दिवशी वाचलीच नाही.

मी अकरावी-बारावीला संगीत हा प्रगत विषय शिकवते. ही विद्यार्थिनी माझ्याकडे दोन वर्षं होती. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या परवानगीने हे लिहिते आहे. नाव देत नाही. संगीताच्या शिक्षकांना आणि मुलांनी हा विषय घ्यावा की नाही या विचारात असलेल्या पालकांना यातलं काही उपयोगी पडेल असं वाटतं.

ती आली तेव्हा सोळा वर्षांची होती. नऊ वर्षं हिंदुस्थानी गायन शिकलेली, पट्टी काळी चार. पहिल्याच तासाला मी सगळ्यांना काहीतरी गाऊन किंवा वाजवून दाखवायला सांगितलं, तेव्हा तिने यमनमधली मध्य लयीची एक बंदिश गायली. निषादावरून षड्जावर यायच्या आधी ती क्षणभर थांबायची. ते थांबणं शिकवून येत नाही, खूप ऐकून येतं. वर्गात गिटार वाजवणारा एक मुलगा होता आणि पियानोच्या चांगल्या वरच्या परीक्षा दिलेल्या दोन मुली होत्या. ते तिघं तिच्याकडे बघत राहिले. मी मनात म्हटलं, हिची काळजी नाही.

पुढच्या सगळ्या चुकांचं मूळ या वाक्यात आहे.

संगीत प्रगत विषय म्हणून घेणं म्हणजे चांगलं गाण्या-वाजवण्याबद्दल गुण मिळणं, असा बऱ्याच घरांत समज असतो. 'छंदच आहे, गुणही मिळतील' हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. सादरीकरण हा या विषयाचा एक भाग आहे, आणि तयार मुलांना तो सगळ्यात सोपा जातो. बाकीचं काम टेबलाशी बसून करायचं असतं. न ऐकलेली चाल ऐकून लिहून काढायची, चार आवाजांची हार्मनी ऐकून तिच्यातल्या कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सूरसमूह, ओळखायच्या, दिलेल्या सुरावटीखाली नियमानुसार बाकीचे आवाज लिहायचे, एखाद्या रचनेचं विश्लेषण करायचं, स्वतः रचना करून तिच्याबद्दल लिहायचं. जे हाताला आणि गळ्याला येतं ते कागदावर आणि शब्दांत आणणं हा या विषयाचा गाभा. तो जड आहे. भौतिकशास्त्र आणि गणित यांच्या जोडीला हलका म्हणून कोणी तो घेत असेल तर मी आधीच सांगते, घेऊ नका. तिने मात्र हलका म्हणून घेतला नव्हता. तिला 'गाणं आतून कसं चालतं' ते बघायचं होतं. हे तिचेच शब्द.

पहिल्या डिक्टेशनमध्ये २० पैकी ४. दुसऱ्यात ५. तिसऱ्यात एकदम १६, आणि मला वाटलं गाडी रुळावर आली. चौथ्यात पुन्हा ३.

आमच्याकडे डिक्टेशन असं होतं: कागदावर की सिग्नेचर आणि ताल छापलेला असतो. आधी त्या पट्टीची मुख्य कॉर्ड एकदा वाजते, मग आठ बारची, म्हणजे तालाच्या आठ खणांची, सुरावट चार वेळा. पहिला सूर कोणता ते सांगत नाहीत. मुलं ऐकतात आणि लिहितात.

मी निदान केलं: हिला स्टाफ वाचता-लिहिता येत नाही. ते दिसतच होतं. नऊ वर्षं जी सरगमेत शिकली, तिला पाच ओळी नवीनच. म्हणून सहा आठवडे मी तिला स्वरवाचन दिलं. पत्त्यांसारखी कार्डं, एकेका सुराची. रोज वीस मिनिटं, ट्रेबल क्लेफ, मग बेस क्लेफ. तिने निमूटपणे केलं. सहा आठवड्यांनी ती पियानोवाल्या मुलींच्या तोडीने वाचायला लागली. डिक्टेशनचे गुण तिथेच राहिले.

आज मागे वळून बघताना मला बोचतं ते हे की माझं निदान खोटं ठरवणारा पुरावा वर्गात रोज माझ्यासमोर होता. सुरावट एकदा वाजवली की ती अख्खी जशीच्या तशी गाऊन दाखवायची. म्हणजे स्मरणशक्तीचा प्रश्न नव्हता. लयीत तर ती सगळ्यांच्या पुढे होती. पाश्चात्त्य चाली कित्येकदा पहिल्या बारच्या आधीच, शेवटच्या मात्रेवर सुरू होतात. बाकीची मुलं तो सूर पहिल्या मात्रेवर लिहून मोकळी होतात आणि पुढचे आठही बार सरकतात. हिचं एकदाही सरकलं नाही. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, तो मुखडा आहे ना. सम पुढच्या सुरावर आहे." ज्या मुलीला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, इतकी स्वच्छ दिसते आणि आठ बार एका ऐकण्यात पाठ होतात, तिला फक्त वाचनाची अडचण असेल, असं मी सहा आठवडे कसं धरून चालले?

त्याच सुमाराला पालकसभा झाली. तिचे वडील शांतपणे म्हणाले, "मॅडम, नऊ वर्षं गाणं शिकतेय ही. आणि विसात चार? अजून वेळ आहे, विषय बदलू का?" आईने विचारलं की गाण्याच्या ताईंचं शिकवणं कमी पडतंय का. ती दोघांच्या मध्ये बसली होती, वहीच्या पुठ्ठ्याचा कोपरा नखाने उलगडत. बाहेर पडताना मला एकटीला म्हणाली, "माझे कान खराब आहेत का हो?"

त्या संध्याकाळी मी तिचे सगळे जुने कागद काढले. एकूण सात डिक्टेशन. आणि पहिल्यांदा समास वाचला.

पहिली सुरावट 'जी' (G) मेजरमध्ये होती, म्हणजे सा 'जी' या सुरावर, पेटीच्या भाषेत पांढरी पाच. ती सुरू होते डीवर, म्हणजे मंद्र पंचमावर, आणि समेला षड्ज येतो: प, सा रे ग, म ग रे, ग प म, ग. हिने समासात लिहिलं होतं: सा, म प ध, नी ध प, ध सां नी, ध. मी पेटी घेऊन बसले आणि डीला सा धरून तिची सरगम वाजवली. एकही सूर चुकला नव्हता. कोमल निषादसुद्धा बरोबर होता, कारण जी मेजरचे सूर डीपासून मोजले की निषाद कोमलच येतो. तिने ऐकलेला पहिला सूर सा मानला, आणि तिथून पुढे तिच्या कानांनी अचूक काम केलं. मग ती कागदाकडे वळली. कागदावर जीची सिग्नेचर. मी शिकवलं होतं की 'जी म्हणजे इथला सा'. तिने आपली सरगम जीपासून लिहायला घेतली आणि सगळं गाणं चार सूर वर गेलं. कोमल निषाद जीपासून मोजला की एफ नॅचरल येतो. माझे लाल गोल त्या दोन एफवर होते.

मग बाकीचे सहा. मेजरमधल्या ज्या दोन सुरावटी षड्जावरच सुरू होत होत्या, त्यातली एक १६ गुणांची आणि दुसरी १५ची. गंधारावर सुरू होणाऱ्या सुरावटीत तिला भैरवी ऐकू आली होती. समासात तसं लिहिलंही होतं, पुढे प्रश्नचिन्ह करून. तेही बरोबर: जी मेजरचे सूर बीपासून मोजले की भैरवी थाटच, म्हणजे भैरवीच्या सात सुरांचा साचाच मिळतो. कागदावर मात्र फ्लॅटचा पाऊस, आणि माझा शेरा, "हे फ्लॅट कुठून आले?" ई मायनरमधल्या सुरावटीचं तर फारच वाईट वाटलं. तिथे सुरुवात षड्जावर होती, तिने सा अचूक पकडला होता, कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद ओळखून 'किरवाणी' असं नाव घातलं होतं. हार्मोनिक मायनरचे सूर म्हणजे किरवाणीचेच सूर. पण सिग्नेचर एका शार्पची, जी मेजरचीही तीच. तिने जीपासून लिहिलं. गुण ३.

म्हणजे तिच्या चुका विखुरलेल्या नव्हत्याच. त्या सगळ्या एकच चूक होत्या, आणि त्या चुकीत तिच्या नऊ वर्षांच्या तालमीचा पुरेपूर हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं, "ती पहिली कॉर्ड वाजते ना, त्यात तुला सा ऐकू येतो का?"

तिने थोडा विचार केला. "तीन सूर एकदम वाजतात. त्यातला सा कुठला? मला वाटायचं ती घंटा आहे, पेपर सुरू झाल्याची."

"मग सा कसा धरायचीस?"

"तानपुरा नव्हता, म्हणून पहिला सूर धरायचे. शेवटी मध्यमावर संपायचं गाणं. मला विचित्र वाटायचं, पण म्हटलं तुमच्या गाण्यात असं असेल."

'तुमच्या गाण्यात' हा शब्द मला लागला. पण तिच्या उत्तरात सगळं होतं. तिच्या संगीतात सा कधी शोधावा लागत नाही. मैफल सुरू होण्याआधी तो लागलेला असतो: पहिली तार मंद्र पंचमाला, मधल्या दोन जोडीच्या षड्जाला, चौथी खर्जाला, आणि शेवटपर्यंत चारही तारा चालूच. मालकंसात पंचमाची तार मध्यमाला उतरवतात, पण सा तसाच राहतो. गाणारा हवा तिथे जाऊन येतो, घर हलत नाही. इथे घराचा पत्ता एका कॉर्डमध्ये एकदाच सांगतात आणि दिवा मालवतात. पुढचं सगळं अंधारात, स्मरणाने.

आणखी एक गोष्ट मी नीट शिकवली नव्हती. की सिग्नेचर सा सांगत नाही. ती फक्त कोणते सूर शार्प किंवा फ्लॅट आहेत ते सांगते. एका शार्पच्या सिग्नेचरमध्ये जी मेजरही राहतो आणि ई मायनरही. सा कोणता, ते चाल सांगते. पियानो शिकलेल्या मुलांना हे हाताच्या सवयीने कळलेलं असतं, म्हणून मला कधी सांगावं लागलं नव्हतं.

पुढचे तीन महिने आम्ही जे केलं त्याला मी उपचार म्हणणार नाही. दुखणं नव्हतंच. तिच्या ऐकण्याला आणि कागदाला जोडणारा पूल नव्हता, तो बांधायचा होता. मी तिला सरगम सोडायला सांगितलं नाही. काही शिक्षक सांगतात, आणि ते मला पटत नाही. युरोपातही हाच वाद जुना आहे: फ्रान्स आणि इटलीत 'दो' म्हणजे कायम सी, तर इंग्लंडमध्ये १९व्या शतकात जॉन कर्वेनने जी टॉनिक सोल-फा पद्धत रुजवली तिच्यात 'दो' पट्टीबरोबर सरकतो, आपल्या सासारखा. त्याही आधी ११व्या शतकात ग्विदो दारेत्सो या मठवासी शिक्षकाने अक्षरनामं बसवली ती याचसाठी की गायक मुलांना न ऐकलेली चाल कागदावरून गाता यावी. तेव्हा ही मुलगी सरगमेत ऐकत होती म्हणजे ती मागे नव्हती. तिच्याकडे सरकता 'दो' पक्का होता. तो ओळींवर कुठे ठेवायचा, तेवढंच राहिलं होतं.

सुरुवात तानपुऱ्याने केली. सुरावट वाजताना मागे योग्य सा चालू ठेवला. पहिल्याच दिवशी तिने आठही बार बिनचूक सरगमेत लिहिले आणि माझ्याकडे बघून हसली. पुढच्या आठवड्यात तानपुरा फक्त सुरावटीच्या आधी, मग बंद. त्यानंतर तानपुरा नाही, फक्त कॉर्ड. मी कॉर्ड वाजवायची, तिने नुसता सा गुणगुणायचा. कॉर्ड सा-ग-प अशी सरळ असली की जमायचं, अलंकारात गातोच आपण. उलटवून गंधार खाली ठेवला की ती गंधारालाच सा म्हणायची. 'सगळ्यात खालचा तो सा' हा नियम तिने स्वतःच काढला होता, तो मोडावा लागला. त्याऐवजी मी सांगितलं, कॉर्ड थांबल्यावर मनात एकेक सूर खाली उतर आणि जिथे बसावंसं वाटेल तिथे थांब. तिला हे लगेच कळलं. न्यास, म्हणजे सुरावर विसावणं, काय असतं ते तिला मी सांगायची गरज नव्हती.

मग मूर्च्छना, म्हणजे सूर तेच ठेवून सा बदलणं. या भागात आम्ही दोघी रमलो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पियानोवर जी मेजरचेच सूर वाजवत राहायचे आणि तानपुऱ्याचा सा बदलायचे. जीवर सा: बिलावल. एवर: काफी. बीवर: भैरवी. सीवर: कल्याण. डीवर: खमाज. ईवर: आसावरी. संगीतशास्त्रकार भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा असे एकाच ओंजळीतून निघतात. भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी निघत नाहीत. एफ शार्पवर आल्यावर ती थबकली. "इथे पंचमच नाही. दोन्ही मध्यम आहेत. यात गाणार कसं?" पाश्चात्त्य संगीतानेही हा सप्तक जवळजवळ वापरलाच नाही, आणि कारण तेच: आधाराला शुद्ध पंचम नाही. ती दोन मिनिटं त्या सप्तकात चाचपडत राहिली, मग हसून सोडून दिलं. त्या दिवशी तिला आपल्या पहिल्या पेपरमध्ये खमाज का ऐकू आला होता ते कळलं. मी तो कागद तिच्यासमोर ठेवला आणि माझे लाल गोल खोडले. गुण बदलता येत नव्हते. पण ते गोल चुकीचे होते हे तिला माझ्याकडून कळायला हवं होतं.

कागदावर न्यायचं काम त्यामानाने रुक्ष होतं आणि लवकर झालं. एकच सरगम चार वेगवेगळ्या पट्ट्यांत लिहायची, रोज एक. ट्रेबल क्लेफचा वळसा दुसऱ्या ओळीभोवती फिरतो, ती ओळ जी. तिथून सा मोजायचा. सहा आठवड्यांची ती कार्डं इथे मात्र कामी आली.

मध्यंतरी तिच्या गाण्याच्या ताई मला भेटायला आल्या. त्यांची भीती स्पष्ट होती: "पियानोवर कान बसला तर हिचा गंधार चढेल." ही भीती जुनी आहे आणि खरी आहे. तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप झंकारतो त्याचं षड्जाशी नातं ५ ला ४ असं आहे, म्हणजे ३८६ सेंट (शंभर सेंट म्हणजे पियानोच्या एका पट्टीपासून लगतच्या पट्टीपर्यंतचं अंतर). पियानोचा गंधार ४०० सेंटवर. चौदा सेंट चढा. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून तो खटकत नाही. पेटीवरचा आक्षेपही याच समान भागांच्या सुरांवर होता, आणि त्यातूनच १९४० मध्ये आकाशवाणीवर पेटीला आलेली बंदी पुढे तीन दशकं टिकली. मुलीने मला आधीच सांगितलं होतं की पियानोवरची मेजर कॉर्ड तिला 'जराशी ताणलेली' वाटते. तिचे कान खराब नव्हते. ते आमच्या वाद्यापेक्षा बारीक होते. ताई आणि मी ठरवलं: रियाज फक्त तानपुऱ्यावर, पियानोबरोबर गायचं नाही, पियानो फक्त ऐकायला. ताईंनी जाताना एकच म्हटलं, "तिला सा शोधायला लावताय ते चांगलं आहे. आम्ही देऊन टाकतो."

दुसऱ्या वर्षी हार्मनी आली आणि तिथे नवी अडचण उभी राहिली. चार आवाजांचं लेखन आम्ही जर्मन संगीतकार बाखच्या कोरालवरून, म्हणजे चार आवाजांच्या चर्चगीतांवरून शिकवतो. अशी साडेतीनशेहून जास्त कोराल त्याच्या नावावर आहेत. पहिला नियम सांगितला: दोन आवाजांनी सलग पंचमाच्या अंतराने चालायचं नाही. ती जवळजवळ दुखावलीच. "षड्ज-पंचम तर सगळ्यात गोड. त्यालाच मनाई?" प्रश्न इतका चांगला होता की मी त्या दिवशीचा बाकीचा तास त्यालाच दिला. तानपुऱ्याची पंचमाची आणि षड्जाची तार एकापाठोपाठ छेडली की त्या दोन राहत नाहीत, एकमेकींत विरघळतात. पंचमाच्या सुराचे वरचे अंश षड्जाच्या अंशांवर जाऊन बसतात. तानपुऱ्याला तेच हवं. पण चार माणसं चार वेगळ्या ओळी गात असताना दोघांच्या ओळी अशा विरघळल्या तर चारांचे तीन होतात. म्हणून मनाई. गोड नाही म्हणून नव्हे. इतकं गोड की वेगळेपण पुसून जातं. मग आम्ही एक कोराल घेऊन दोन आवाज मुद्दाम पंचमात चालवून ऐकले. तिने डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, "हो, एक माणूस निघून गेला."

त्यानंतर तिने तो नियम कधी मोडला नाही.

मोड्युलेशनला, म्हणजे चालीत मध्येच पट्टी बदलण्याला, तिने स्वतःचं नाव दिलं, 'सा हलला'. जी मेजरच्या चालीत मध्येच सी शार्प आला की तिला आधी तीव्र मध्यम ऐकू यायचा आणि ती कल्याणात शिरायची. तो सूर जीचा तीव्र मध्यम आहे की डीचा शुद्ध निषाद, हे एकट्या सुरावरून कळत नाही. पुढे चाल कुठे विसावते त्यावरून कळतं. विसावा डीवर असेल तर सा हललेला आहे. हे तिला वर्षअखेरीपर्यंत दर दहा वेळांतून सात-आठ वेळा जमायला लागलं. पण सा हलतो ही कल्पना तिला मनापासून कधी आवडली नाही, आणि मी ती आवडावी म्हणून आग्रहही धरला नाही.

रचनेच्या भागात मात्र मी तिला पुरेशी मदत करू शकले नाही. तिने भीमपलासीच्या सुरांवर एक चाल बांधली, फार छान, आणि मग अभ्यासक्रमाला हव्यात म्हणून तिच्याखाली कॉर्ड लिहिल्या. प्रत्येक कॉर्डबरोबर राग थोडा थोडा विरत गेला. तिलाही दिसत होतं, मलाही. शेवटी तिने मधल्या भागातून कॉर्ड काढून टाकल्या आणि चेलोवर नुसते षड्ज-पंचम धरून ठेवले. गुण मध्यम मिळाले. तिच्या लेखी टिपणाला मात्र पूर्ण गुण होते. राग आणि हार्मनी एकमेकांच्या कुठे आड येतात ते तिने तिथे नेमकं मांडलं होतं.

सादरीकरणाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. ते तिला येतच होतं. वेळेच्या मर्यादेत आलाप किती, बंदिश किती, एवढंच बसवावं लागलं.

अखेरच्या परीक्षेत सुरावटीच्या डिक्टेशनला २० पैकी १७ मिळाले. हार्मनीच्या डिक्टेशनला ११. तिथे वरचा आवाज पूर्ण होता. खालचा, बेसचाही पूर्ण होता. तो ती चौथ्या तारेसारखा ऐकते असं म्हणायची. मधले दोन आवाज शेवटपर्यंत हाताला लागले नाहीत. टेनरची, म्हणजे त्या दोनातल्या खालच्या आवाजाची, ओळ जवळजवळ कोरी होती. आणखी सहा महिने मिळाले असते तर कदाचित भरली असती.

विषय तिने बदलला नाही. आता ती भौतिकशास्त्र शिकते आणि ताईंकडे जाते. मध्यंतरी भेटली तेव्हा तानपुऱ्याच्या जव्हारीवर (तारांखालच्या घोडीच्या झंकार आणणाऱ्या घडणीवर) काहीतरी मोजमाप करायचं आहे म्हणाली.

तिच्या नंतरच्या वर्गापासून मी दोन गोष्टी बदलल्या. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एकेकटं बोलावून विचारते की चाल ऐकताना तुझ्या डोक्यात काय चालतं. गिटारवाल्यांना पडदे दिसतात, पियानोवाल्यांना बोटं, तबला शिकलेल्या एका मुलाला सूर येण्याआधी बोल ऐकू यायचे. आणि डिक्टेशनचा कागद देताना सांगते की समासात जे लिहाल ते खोडायचं नाही. तपासताना मी आधी समास वाचते.